पोटातल्या वासराला न्यूमोनिया कसा होतो?

सांगोला भागातल्या एका दूध उत्पादकाचा प्रश्न आहे. पहिल्या वेताची संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) कालवड, सात महिने भरून आठवा लागलेला. संध्याकाळपर्यंत वैरण खात होती, सकाळी बघतात तर गाभडलेली. वासरू मेलेलंच पडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ते फाडून पाहिलं आणि सांगितलं, वासराला न्यूमोनिया होता. गोठामालकांचं म्हणणं असं की ज्याने बाहेर येऊन एकही श्वास घेतला नाही त्याला न्यूमोनिया कुठून होणार? डॉक्टर काहीतरी सांगून मोकळे झाले का? शिवाय त्याच गोठ्यातली दुसरी एक गाय दिवस भरायच्या आधी, साधारण तीन आठवडे लवकर व्याली आहे. तिचं वासरू जिवंत आहे, पण धापा टाकतंय. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? शेळ्याही त्याच दावणीला असतात, आणि यावर लस देता येते का, असंही त्यांनी विचारलं आहे.

डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे. गोठ्यात उभ्या उभ्या हे सगळं समजावून सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आणि संबंधाचं म्हणाल, तर प्रयोगशाळेचा अहवाल काही वेगळं सांगेपर्यंत संबंध आहे असंच धरून चाला.

पोटातल्या वासराचं फुफ्फुस कोरडं, मिटलेलं आणि निवांत पडलेलं असतं असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते द्रवाने भरलेलं असतं. हा द्रव पाणमोटीतून, म्हणजे गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीतून, आत शिरलेला नसतो, फुफ्फुसाच्या आतल्या पेशीच तो तयार करतात. मेंढीच्या गर्भावर याची मोजमापं नीट झाली आहेत. दिवस भरत आलेल्या कोकराच्या फुफ्फुसात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर द्रव असतो आणि दर तासाला किलोमागे ४ ते ५ मिलिलिटर नवा तयार होतो. तो श्वासनळीतून वर येतो, काही गर्भ गिळतो, बाकीचा पाणमोटीतल्या पाण्यात मिसळतो. फुफ्फुस वाढतं ते या द्रवाच्या दाबावर. काही कारणाने तो सतत गळत राहिला तर फुफ्फुस खुरटं राहतं.

दुसरी गोष्ट, गर्भ श्वासाचा सराव करत असतो. ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मेंढीच्या पोटातल्या कोकरांमध्ये या हालचाली नोंदवल्या. छाती हलते, श्वासपटल खालीवर होतं, पण आत-बाहेर जातो तो द्रव, आणि तोही थोडासाच. एरवी एकूण प्रवाह बाहेरच्या दिशेनेच असल्यामुळे पाणमोटीतलं पाणी फुफ्फुसात फार खोल जात नाही. निरोगी गर्भाचं फुफ्फुस स्वच्छ राहतं ते यामुळेच.

आता या व्यवस्थेत जंतू शिरले की काय होतं ते बघा. जंतू आधी जारात, म्हणजे वासराला आईशी जोडणाऱ्या वारेत, ठाण मांडतात. गाईच्या जाराच्या ज्या गाठींमधून वासराला प्राणवायू आणि अन्न मिळतं, त्या सुजतात, काही ठिकाणी मरतात. वासराचा प्राणवायू कमी पडू लागतो. गुदमरलेला गर्भ मग सरावाचे हलके श्वास सोडून खोल, मोठे आचके देतो. त्या आचक्यासरशी पाणमोटीतलं पाणी थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत ओढलं जातं. त्या पाण्यात तोवर जंतू असतात, पू असतो, गुदमरण्याच्या ताणाने वासराने पोटातच टाकलेली पहिली विष्ठा असते, त्याच्या कातडीवरून सुटलेले बारीक खवले असतात. फुफ्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हा सगळा ऐवज श्वासनलिकांमध्ये दिसतो, आणि त्याच्याभोवती वासराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींची गर्दी. हाच तो न्यूमोनिया. तो व्हायला हवेची गरज लागत नाही.

जंतू जाण्याचा दुसरा रस्ता रक्ताचा. जारातून निघालेलं रक्त नाळेच्या शिरेने आधी वासराच्या यकृतात जातं. पोटात असताना फुफ्फुसाकडे रक्त फारच कमी वळतं, बहुतेक रक्त फुफ्फुस टाळून पुढे जातं. त्यामुळे रक्तावाटे आलेल्या जंतूंच्या खुणा आधी यकृतावर उमटतात. लिस्टेरियामध्ये यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट-पिवळे ठिपके दिसतात, मेंढ्यांच्या कॅम्पायलोबॅक्टरमध्ये मध्यभागी खोलगट असलेले गोल चट्टे. म्हणून गाभडलेलं वासरू फाडताना नुसतं फुफ्फुस बघून भागत नाही. यकृत स्वच्छ आणि फुफ्फुस खराब असेल तर जंतू पाण्यावाटे आले असावेत असा माझा पहिला अंदाज असतो. अंदाजच, निदान नव्हे.

तुमच्या कालवडीच्या बाबतीत सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो ब्रुसेलाचा, म्हणजे ज्याला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो त्याचा. पहिल्या वेताची, पाचव्या महिन्यानंतर गाभडलेली, आधी आजारपणाचं काही लक्षण नाही, हे चित्र त्याला अगदी जुळतं. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाईच्या गर्भपातामागचा हा जंतू शोधला. तो गर्भाशयच का धरतो, याचं एक कारण चांगलं ठाऊक आहे. गाभण गाई-शेळ्यांच्या जारात एरिथ्रिटॉल नावाचा साखरेच्या जातीचा पदार्थ भरपूर असतो आणि या जंतूला तो फार मानवतो. गर्भ वाढतो तसा तो पदार्थ वाढतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत जनावर सुखरूप दिसतं आणि घात होतो तो उत्तरार्धात.

असं वासरू उघडल्यावर काय बघायचं? छातीच्या पोकळीत कधी पिवळसर, कधी लालसर पाणी असतं. फुफ्फुसाच्या आवरणावर पिवळट धाग्यांचा पातळ थर बसलेला दिसतो, बोटाने ओढला तर सुटून येतो. फुफ्फुस जड लागतं, चिमटीत धरलं तर मऊपणा जाऊन टणकपणा हाताला कळतो. कापलं की श्वासनलिकांच्या तोंडातून दाट स्राव येतो. मग जठर. निरोगी गर्भाच्या जठरात पारदर्शक, बुळबुळीत द्रव असतो. ब्रुसेलात तो बहुधा गढूळ, लिंबासारखा पिवळा आणि त्यात फाटलेल्या दुधासारखे कण तरंगताना दिसतात. फुफ्फुसातून वर आलेला आणि पाणमोटीतून गिळलेला असा दोन्हीकडचा माल जठरात साठतो, म्हणून जंतू शोधायला ती फार उत्तम जागा आहे. जार हाती लागला असेल तर गाठींच्या मधला भाग जाड, निबर झालेला आणि गाठींवर तपकिरी-पिवळा चिकट स्राव साचलेला असतो.

पण एक सावधगिरी हवी. वासरू पोटात मरून एक-दोन दिवस राहिलं असेल तर सगळेच अवयव लालसर, मऊ होतात आणि छातीत रक्तमिश्रित पाणी साचतं. हे कुजण्याचं लक्षण आहे, न्यूमोनियाचं नव्हे. नुसता लाल रंग बघून निदान करणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आणि उलट बाजूही खरी आहे. डोळ्यांना फुफ्फुस साफ दिसूनही सूक्ष्मदर्शकाखाली दाह सापडतो, असं ब्रुसेलात अनेकदा घडतं. फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघायची पद्धत खेड्यापाड्यात प्रसिद्ध आहे. त्यातून वासराने हवा घेतली होती की नाही एवढंच साधारण कळतं. कुजलेलं फुफ्फुस वायूमुळे तरंगतं आणि न्यूमोनियाने भरलेलं फुफ्फुस श्वास घेऊनही बुडतं, त्यामुळे त्या एका चाचणीवर कुणाशी वाद घालू नये.

ब्रुसेला हा एकमेव गुन्हेगार नाही. ट्रूपेरेला पायोजीनस, बुरशी आलेल्या वैरणीतून आणि खराब मुरघासातून (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातून) येणारा बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, नीट न आंबलेल्या मुरघासात वाढणारा लिस्टेरिया, शेळ्या-मेंढ्यांत क्लॅमिडिया आणि कॉक्सिएला, गाईत युरियाप्लाझ्मा, असे बरेच आहेत. यातल्या बॅसिलस, ट्रूपेरेला आणि युरियाप्लाझ्माने गर्भाच्या फुफ्फुसात चांगलाच दाह होतो. हल्ली आपल्याकडे मुरघासाच्या बॅगा घरोघरी आल्या आहेत, चांगली गोष्ट आहे, पण उंदराने भोक पाडलेली किंवा तोंड सैल राहिलेली बॅग हवा घेते, तेवढा भाग आंबट न होता काळपट पडतो आणि बुरशी धरतो. तो भाग टाकून द्यायचा असतो. आपण तो भाकड आणि गाभण जनावरांपुढे टाकतो, कारण दुधाच्या गाईला चांगलं द्यायचं असतं. हे उलटं आहे.

आता दुसऱ्या गाईकडे येऊ. इथे विषय जरा खोल जातो, पण समजून घेण्यासारखा आहे.

जन्माच्या क्षणी फुफ्फुसाला दोन कामं करावी लागतात. एक, आतला द्रव शोषून टाकणं. प्रसूतीच्या कळांच्या वेळी वासराच्या अंगात अॅड्रेनलिन वाढतं आणि ज्या पेशी इतके महिने द्रव बाहेर सोडत होत्या त्या तो आत ओढू लागतात. दोन, हवा भरल्यावर वायुकोश उघडे ठेवणं. ओली प्लास्टिकची पिशवी आतून चिकटली की उघडता उघडत नाही, तसे ओले वायुकोश प्रत्येक उच्छ्वासानंतर चिकटायला बघतात. ते चिकटू नयेत म्हणून काही खास पेशी सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करून आतून त्याचा थर देतात. हा पदार्थ पुरेसा तयार होतो गाभणकाळाच्या अगदी शेवटी. गाईचे ९ महिने ९ दिवस आपण धरतो, म्हणजे सुमारे २८० दिवस. २६० दिवसांच्या आत आलेलं वासरू जगवणं फार अवघड असतं, ते याच कारणाने. शेळीचे १५० दिवस धरले तर १४०च्या आधीच्या करडाची तीच गत.

दिवस भरत आले की गर्भाच्या स्वतःच्या अॅड्रेनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं स्टिरॉइड वाढवतात. त्यानेच प्रसूती सुरू होते आणि त्यानेच फुफ्फुस पिकतं. हे सापडलं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना. ते मुदतपूर्व प्रसूती का होते याचा अभ्यास मेंढ्यांवर करत होते. स्टिरॉइड दिलेली काही कोकरं इतकी लवकर जन्मली की ती जगायलाच नको होती, पण त्यांच्या फुफ्फुसात हवा भरलेली सापडली. हे १९६९ साली प्रसिद्ध झालं. १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस हाउई यांनी २८२ गर्भवती स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. स्टिरॉइड दिलेल्या गटात बाळांच्या श्वासाच्या त्रासाचं प्रमाण ९ टक्के निघालं, न दिलेल्या गटात २५.८ टक्के. आज सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात 'बाळाच्या फुफ्फुसांसाठी' जे इंजेक्शन देतात, त्याचं मूळ मेंढीच्या गोठ्यात आहे. आमच्या व्यवसायाला तेवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मग जंतुसंसर्गाचं काय? तर इथे एक विचित्र गोष्ट समोर आली. ऑस्ट्रेलियात पर्थला अॅलन जोब, जॉन न्यूनहॅम आणि त्यांच्या गटाने गाभण मेंढ्यांच्या पाणमोटीत ई. कोलाय जंतूच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, टोचून पाहिलं. जिवंत जंतू नाही, नुसतं विष. काही तासांतच गर्भाच्या आवरणांना आणि फुफ्फुसाला दाह झाला. आणि आठवडाभराने कोकरं काढली तर त्यांची फुफ्फुसं वयाच्या मानाने जास्त पिकलेली निघाली, सरफॅक्टंट वाढलेलं, हवा नीट भरतेय. गर्भाची श्वासनळी पाणमोटीच्या पाण्यापासून वेगळी ठेवली तेव्हा हा परिणाम दिसला नाही. म्हणजे गर्भ जे पाणी आत-बाहेर करतो त्यातून विष फुफ्फुसाला थेट लागतं आणि तिथेच दाहाचे संदेश सुटतात. कॉर्टिसॉलचा इथे मोठा हात नाही, इंटरल्युकिन-१ सारख्या दाहाच्या रसायनांचा आहे.

हे ऐकून संसर्गाने फायदाच झाला असं वाटेल. पण त्याच कोकरांच्या फुफ्फुसात वायुकोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे निघाले, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या. म्हणजे दुकान लवकर उघडलं खरं, पण बांधकाम अर्धवट टाकून. हवा भरते, पण हवेतून रक्तात प्राणवायू जायला जेवढी जागा लागते तेवढी झालेली नसते. माणसांच्या अकाली जन्मलेल्या बाळांतही हेच दिसलं आहे: आईच्या गर्भावरणाला दाह होता अशा बाळांना जन्मतःचा श्वासाचा त्रास कधी कमी होतो, पण पुढे फुफ्फुसाचा जुनाट आजार जडण्याचं प्रमाण जास्त. घोडीत आम्हाला याचा पहिला अर्धा भाग नेहमी दिसतो. जाराचा दाह बरेच दिवस चाललेला असेल, कास वेळेआधी भरून दूध उतरलं असेल, तर तिचं शिंगरू मुदतीआधी येऊनही बरेचदा उठून उभं राहतं. पण अचानक, काही दिवसांतच टाकलेलं त्याच वयाचं शिंगरू तग धरत नाही.

तुमच्या दुसऱ्या गाईचं वासरू तीन आठवडे लवकर येऊनही स्वतः श्वास घेतंय, यावरून मला दोन शक्यता दिसतात. एक, रेतनाची तारीख चुकलेली आहे आणि ते वाटतं तितकं लवकर आलेलं नाही. कार्ड काढून तारीख बघा, ही शक्यता दिसते त्यापेक्षा खूप जास्त असते. तोंडातले पुढचे दात हिरड्यांतून आलेले, केस पूर्ण, खूर नीट भरलेले असतील तर ते बहुतेक मुदतीचंच आहे. दोन, पोटात असताना दाहाचा त्रास होऊन फुफ्फुस घाईने पिकलं आणि प्रसूतीही आधी आली. दुसरी शक्यता खरी असेल तर पहिल्या दोन-चार दिवसांत ते सावरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा वासरांना पुढच्या महिना-दोन महिन्यांत साधी सर्दीही छातीत उतरते, असा माझा अनुभव आहे.

आत्ता काय करायचं ते सांगतो. वासरू छातीवर बसवा, पुढचे पाय दुमडून, मागचे दोन्ही पाय पुढे घेऊन. आडवं पडू दिलं की खालचं फुफ्फुस दबतं. कोरडं, उबदार ठेवा, पण गोठा बंद करून धुरी करू नका. धूर अशा फुफ्फुसाला घातक आहे, मग तो कडुलिंबाचा असो की गोवरीचा. काहीही ओतून पाजू नका: ना तेल, ना काढा, ना हळदीचं दूध. चोखायची ताकद नसलेल्या वासराला बाटलीने जबरदस्तीने पाजलं की ते थेट श्वासनळीत जातं. पोटात असताना वाचलेलं फुफ्फुस आपण बाहेर आल्यावर बुडवतो. ताकद नसेल तर नळीने चीक द्यायचा, तो डॉक्टरांकडून किंवा ज्याला नळी घालता येते त्याच्याकडून. जन्मल्यावर वासराला मागच्या पायांनी उलटं टांगायची पद्धतही बंद करा. तोंडातून जे पाणी गळतं ते बहुतेक जठरातलं असतं, आणि आतडी-यकृताचं सगळं वजन श्वासपटलावर येऊन वासराला श्वास घेणं उलट जड जातं. नाकपुडीत गवताची काडी, कानात थंड पाण्याचे चार थेंब आणि गोणपाटाने जोरात चोळणं, एवढ्याने काम भागतं.

चिकाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. गाईच्या जारातून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं वासराकडे जात नाहीत, ती सगळी चिकातूनच मिळतात, म्हणून पहिल्या दोन तासांत पहिला चीक आणि १२ तासांत वजनाच्या दहावा हिस्सा एवढा चीक पोटात जायलाच हवा. पण याच गाईवर ब्रुसेलाचा संशय असेल तर तिच्या चिकातून आणि दुधातून जंतू जातात. दुसऱ्या निरोगी, तपासलेल्या गाईचा चीक मिळाला तर उत्तम. नाही तर चीक ६० अंश सेल्सिअसला ६० मिनिटं ठेवून द्या. गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं आणि हातात थर्मामीटर, एवढंच लागतं. उकळू नका, फाटतो आणि कामाची द्रव्यंही जातात.

श्वास मोजा. वासरू निवांत असताना मिनिटाला ६० च्या वर, नाकपुड्या फुगवतंय, कोपरं बाहेर काढतंय, फासळ्या आत ओढल्या जातायत किंवा जीभ निळसर दिसतेय, यातलं काहीही असेल तर घरी उपचार करत बसू नका. पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन लावा किंवा सरळ दवाखान्यात न्या.

औषधाच्या बाबतीत दोन गोष्टी. गाभण गाईला ताप आला की तापाच्या इंजेक्शनसोबत डेक्सामेथासोन मारणारे गावोगावी आहेत. शेवटच्या महिन्यांत हे स्टिरॉइड गाईला वेळेआधी व्यायला लावतं आणि वर जारही अडकतो. वर सांगितलेलं 'फुफ्फुस पिकवणारं' औषध याच जातीचं, म्हणून कुणी ते वासराच्या भल्यासाठी म्हणून देईल, तर संसर्ग असलेल्या गाईत तसा प्रयोग करू नये. दुसरं, प्रतिजैविकाने पोटातल्या वासराचा न्यूमोनिया बरा होईल अशी आशा धरू नका. शेळ्यांच्या कळपात क्लॅमिडिया सिद्ध झाला तर दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोला २० मिलिग्रॅम या मात्रेत, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा देऊन पुढचे गर्भपात कमी करता येतात. पण ज्या जाराचं नुकसान झालंय ते भरून येत नाही. गाईच्या ब्रुसेलाला तर उपचारच नाही म्हणून समजा. जंतू पेशींच्या आत लपून राहतो.

आणि इथेच फसगत होते. ब्रुसेलाने गाभडलेल्या बहुतेक गाई पुन्हा गाभडत नाहीत. पुढच्या वेताला चांगलं जिवंत वासरू देतात, त्याची फुफ्फुसंही ठणठणीत असतात. मालक म्हणतो, नजर लागली होती, उतरली. पण ती गाय दर वेळी व्याल्यावर पाण्यातून, जारातून आणि नंतर दुधातून जंतू सोडत राहते आणि गोठ्यात नवी आलेली कालवड ते चाटते.

म्हणून मेलेलं वासरू ही फेकायची वस्तू नाही, त्याच्याइतका चांगला नमुना पुन्हा मिळत नाही. ते फाडायचं काम डॉक्टरांनाच करू द्या. काय पाठवायचं त्याची माहिती असू द्या: फुफ्फुस, यकृत, प्लीहा आणि जाराच्या दोन-तीन गाठी प्रत्येकी वेगळ्या निर्जंतुक डबीत, जठरातला द्रव निर्जंतुक सिरिंजमध्ये ओढून, सगळं बर्फावर, पण गोठवून नाही. त्याच अवयवांचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे तुकडे दहापट फॉर्मेलिनमध्ये. छातीतलं पाणीही घ्या. आईची प्रतिद्रव्यं जारातून जात नाहीत हे वर सांगितलं, त्यामुळे वासराच्या छातीतल्या पाण्यात किंवा रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध प्रतिद्रव्यं सापडली तर वासराची स्वतःची त्या जंतूशी गाठ पडली होती हे कळतं. गाईचं रक्त आत्ता आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. हे सगळं जिल्हा पशुसर्वचिकित्सालयामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतं. एवढं करूनही निम्म्याहून अधिक गर्भपातांत कारण सापडत नाही, जगभर हीच स्थिती आहे. म्हणून एका नकारात्मक अहवालाने ब्रुसेला नाही असं ठरवू नका.

माणसांचं. गाभडलेलं वासरू, जार आणि ते पाणी उघड्या हाताने अजिबात उचलू नका. आपल्याकडे हे काम घरातल्या बाईवर येतं, ती झाडते, उचलते आणि त्याच हाताने धार काढायला बसते. ब्रुसेला कातडीच्या बारीक जखमेतून, डोळ्यातून, श्वासातून शिरतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्या गोठ्यात पाऊल टाकू नये. गेल्या काही आठवड्यांत घरात कुणाला संध्याकाळी चढणारा ताप, घाम आणि कंबर-सांधेदुखी असेल तर डॉक्टरांना गाय गाभडल्याचं आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत आणि महिनोन्महिने टायफॉइडचे उपचार चालतील. दूध उकळूनच घ्या. नमुने घेतल्यावर वासरू, जार आणि भिजलेली वैरण खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढून नेतात आणि शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचवतात.

तुमच्याकडे शेळ्या त्याच दावणीला असतात असं प्रश्नात लिहिलं आहे. शेळ्यांच्या ब्रुसेलाची जात वेगळी, मेलिटेन्सिस, आणि माणसासाठी ती जास्त कडक. ती गाईलाही लागते. निदान व्यायच्या दिवसांत तरी दोघांना वेगळं बांधा आणि नमुन्यांसोबत शेळ्यांचंही रक्त पाठवा.

लसीचं विचारलं आहे. एस-१९ ही ब्रुसेलाविरुद्धची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारतर्फे मोफत टोचली जाते, कानातल्या १२ अंकी बिल्ल्याच्या नोंदीसह. गाभण गाईला आणि वळूला ती देत नाहीत, जिवंत जंतूची लस आहे, गाभण गाईत तिनेही गर्भपात होऊ शकतो. टोचणाऱ्यानेही सुई जपून वापरायची असते. म्हणजे आत्ताच्या दोन गाईंना तिचा उपयोग नाही, पण गोठ्यात त्या वयाच्या कालवडी असतील तर डॉक्टरांकडे नाव नोंदवा.

तोवर गाभडलेली कालवड वेगळी बांधा, तिचा स्राव पूर्ण थांबेपर्यंत. तिला लगेच विकू नका, बाजारात नेली तर हा आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. दुसऱ्या गाईचा जार पडला आहे की नाही हे प्रश्नात नाही. पडला असेल आणि अजून पुरला नसेल तर आज हातमोजे घालून त्याच्या दोन गाठी डबीत घेऊन बर्फावर ठेवा. दोन्ही गाईंचे अहवाल आले की इथे कळवा, मग कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही यावर बोलू.